वही बुडाली, उधारी नाही: चिपळुणातल्या एका किराणा दुकानाचं प्रकरण

कोकणातल्या किराणा दुकानदाराची उधारी वर्षातून दोनदा फुगते. एकदा मे-जूनमध्ये, आगोटीच्या खरेदीला. पाऊस लागला की वाड्यांकडच्या वाटा, वहाळ, साकव कशाचाच भरवसा नसतो, म्हणून तांदूळ, डाळी, तेल, मीठ, गूळ असं सगळं आधीच घरात भरून ठेवायचं असतं. दुसऱ्यांदा फुगते ती गणपतीच्या तोंडावर. पैसा मात्र मागून येतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी आला की घरच्यांचं दुकानातलं खातं आधी मिटवतो, उरलंसुरलं भातकापणीनंतर फिटतं. त्यामुळे जुलैअखेर दुकानदार सगळ्यात जास्त अडकलेला असतो. आगोटीचा माल लोकांच्या घरात, पैसे वहीत, आणि गणपतीसाठी मागवलेला नवा माल गोदामात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते नेमकं या दिवसांत. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे वसुलीला अजून सात आठवडे होते.

मी छोट्या व्यापाऱ्यांची हिशेबाची आणि कराची कामं पाहतो. हे प्रकरण बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराचं आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणेन. पुरात नुकसान सगळ्यांचंच झालं. हे प्रकरण मला वेगळं वाटतं ते नंतरच्या दीड-दोन महिन्यांत अण्णांनी आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, घेतलेल्या काही निर्णयांमुळे. नव्याने धंद्यात पडलेल्या मुलांनी ते नीट पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

दुकान आणि घर

खाली दुकान, मागे गोदाम, वर घर. अण्णांच्या वडिलांनी सुरू केलेलं हे दुकान. घरात अण्णांची आई, काकू आणि धाकटी मुलगी. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला. गल्ल्यावर अण्णा बसत, पण उधारीचं खरं ज्ञान काकूंकडे. दुपारच्या वेळी दुकान त्याच सांभाळत, आणि बायाबापड्या खरेदीला येत त्या दुपारीच. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा कामावरून बसला, कोणाचं भात यंदा कमी पिकलं, हे त्यांना माहीत असे. उधारीची मर्यादा त्या ज्ञानावर ठरे.

अण्णा कुठल्या पक्षात नव्हते, निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. पण गावात कुठे दहा खुर्च्या लागल्या, शाळेच्या स्पर्धेला बक्षिसं लागली, मयताचं सामान रात्री-अपरात्री लागलं, की शटर उघडायचं. मयताच्या सामानाचे पैसे ते त्या दिवशी कधीच घेत नसत. बाराव्यानंतर माणूस आपणहून येई. कोविडच्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी ज्यांना माल दिला त्यांत नेहमीचं गिऱ्हाईक नसलेलेही बरेच होते. त्यामुळे २०२१ ची उधारी एरवीपेक्षा चांगलीच जास्त होती. मी तेव्हाच त्यांना ते बोललो होतो. ते म्हणाले, "रिक्षा बंद, हॉटेलं बंद. आता रोख कोण देणार? आणि आता नाही द्यायचं तर मग कधी द्यायचं?"

२२ जुलै

आषाढी २० तारखेला झाली, २१ ला बकरी ईद. त्या रात्री पाऊस थांबलाच नाही. चिपळूणचा पूर समजून घ्यायचा तर तीन पाणी एकत्र पाहावी लागतात: सह्याद्रीवरून वाशिष्ठी आणि शिवनदीत उतरणारं पावसाचं पाणी, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारं अवजल, आणि खालून दाभोळ खाडीची भरती. भरती लागली की वरून आलेल्या पाण्याला वाट राहत नाही. त्यात नदीपात्रात वर्षानुवर्षं साचलेला गाळ. यातल्या कशाचा वाटा किती यावर पुढे बराच वाद झाला. गाळ काढावा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं, आणि नंतर काम सुरू झालं.

बाजारपेठेतल्या जुन्या माणसांच्या डोक्यात २६ जुलै २००५ ची खूण होती. अण्णांनीही त्याच खुणेच्या हिशेबाने रात्री माल उचलला: खालच्या फळ्यांवरचा वरच्या फळ्यांवर, साखर-तांदळाची काही पोती माळ्यावर. पहाटे पाणी त्या खुणेच्या वर गेलं आणि जातच राहिलं. बाजारपेठेत ते पहिल्या मजल्याला टेकलं. शेजारच्या बैठ्या घरांतली माणसं, त्यात दोन लहान मुलं आणि एक पक्षाघात झालेले गृहस्थ, अण्णांच्या वरच्या घरात आली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरेपर्यंत तिथे काकूंनी एका गॅसवर सगळ्यांना भात आणि पिठलं केलं. माळ्यावर वाचलेला माल, म्हणजे तांदूळ, बिस्किटं, मेणबत्त्या, काडेपेट्या, अण्णांनी पुढच्या दोन दिवसांत आळीत वाटून टाकला. हा मुद्दा पुढे करात पुन्हा येईल.

पाणी ओसरल्यावर गोदाम उघडलं तेव्हाचं वर्णन थोरल्या मुलाने मला सांगितलं. तो मित्रांबरोबर पुण्याहून मिळेल त्या वाटेने आला होता. साखरेची पोती जागच्या जागी होती, शिवण शाबूत, आणि आत काहीच नाही. मीठही तसंच गेलेलं. गूळ वितळून ढेपींचे नुसते कागद राहिले होते. तांदूळ उलट फुगला आणि पोती उसवून बाहेर आला होता. कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस चिखलात मिसळून भिंतीवर वाळला होता. तेलाचे पंधरा किलोचे डबे तरंगत दारापाशी येऊन अडकले होते, वरून सील पक्कं, लेबलं गायब.

त्या डब्यांसाठी गिऱ्हाईक होतं. निम्म्या भावात उचलायला माणसं गावोगाव फिरत होती. अण्णांनी एकही डबा विकला नाही. "गटाराचं पाणी लागलंय. सील आहे म्हणून मी खात्री कशी देऊ?" मुलगा चिडला. त्याचं म्हणणं, लोकांना सांगून विकू, दिवाबत्तीसाठी नेतील. अण्णा म्हणाले, "नेतील दिव्याला आणि जाईल कढईत." सगळे डबे टाकून दिले. त्या घरावर त्या आठवड्यात किती ताण होता हे ज्याने पाहिलंय त्याला या निर्णयाची किंमत कळेल.

घरात खरं भांडण झालं ते वाचनालयावरून. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ मध्येही त्याची पुस्तकं भिजली होती, या वेळी पुन्हा. दुकानातला गाळ अर्धाही निघाला नव्हता, आणि अण्णा फावडं घेऊन तिकडे निघाले. काकू म्हणाल्या, "आपल्याकडे गुडघाभर चिखल आहे, आईंना खाली उतरता येत नाही, आणि तुम्ही चाललात कुठे?" अण्णांचं उत्तर: "पुस्तकं आज नाही काढली तर उद्या लगदा होईल. आपला चिखल उद्याही चिखलच असणार."

हिशेब म्हणून अण्णांचं बरोबर होतं. तरी मी काकूंच्या बाजूने आहे. गावासाठी झटणाऱ्या माणसाचा वेळ घरातूनच जातो, आणि तो कोणाच्या वाट्याचा गेला हे बहुतेक वेळा विचारलंच जात नाही. काकूंनी ते विचारलं, आणि त्यानंतर दोघांत ठरलं की सकाळ घराची, दुपारनंतर बाहेर. तेव्हापासून ते पाळलंही गेलं.

विमा, कर, बँक

दुकानाला बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारं कर्ज होतं, म्हणून मालाचा विमाही होता. पण तो बँकेच्या मर्यादेइतका, मालाच्या किमतीइतका नाही. वर्षानुवर्षं त्याच रकमेचं नूतनीकरण होत गेलं, हप्ता खात्यातून परस्पर जात राहिला. गावोगावच्या दुकानांत मी हेच पाहतो. दुकानदाराला वाटतं विमा आहे, आणि पॉलिसीतली सरासरीची अट त्याने वाचलेली नसते. समजा दुकानात १२ लाखांचा माल आहे, विमा ६ लाखांचा, आणि नुकसान ८ लाखांचं झालं. दुकानदाराची अपेक्षा निदान ६ लाखांची असते. प्रत्यक्षात विमा निम्म्या मालाचाच, म्हणून भरपाईही निम्म्या नुकसानाची, ४ लाख. गणपतीच्या तोंडावर माल दुप्पट असतो, तेव्हा ही अट सगळ्यात जास्त चावते. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत कमी विमा असला तरी कपात होत नाही. अण्णांची पॉलिसी जुन्या धाटणीची होती.

दुसरी अडचण व्यवहाराची. कुजणारा माल रस्त्यावर काढा, रोगराई पसरेल, असं नगरपरिषदेचं सांगणं, आणि तेही योग्यच. विम्याचा सर्व्हेअर मात्र नुकसान पाहायला मागतो. तो येईपर्यंत माल ठेवला तर दुर्गंधी, टाकला तर पुरावा गेला. इथे मुलाची हुशारी कामाला आली. त्याने प्रत्येक मालाची रास वेगळी करून, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढले, रिकाम्या पोत्यांचे शिक्के मोजले, आणि कराडच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून एप्रिलपासूनच्या बिलांच्या नकला मागवल्या. दावा उभा राहिला तो या तीन गोष्टींवर.

सरकारी मदतीत दुकानदारांना पंचनाम्यानुसार नुकसानाच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरले होते. ते मिळाले. गाळ काढणं, वायरिंग, शटर यांतच ते संपले.

कराचा भाग पुष्कळांना अन्यायाचा वाटतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीच्या करातून मिळणारी वजावट) परत करावं लागतं. म्हणजे पुरात गेलेल्या साबणाचा आणि बिस्किटांचा खरेदीवेळचा करही अंगावर पडतो. आणि त्याच कलमात फुकट दिलेला मालही येतो. आळीत वाटलेली बिस्किटं, मेणबत्त्या हे सगळं त्यात बसलं. सुटा तांदूळ, डाळी यांवर तेव्हा कर नव्हता, म्हणून तेवढं वाचलं. अण्णांनी वाटलेल्या मालाची यादी मला स्वतःहून दिली. "पुरात गेलं असंच धरा" असं ते म्हणू शकले असते, कोणी विचारणारं नव्हतं. कराच्या दृष्टीने फरक शून्य होता, पण विम्याच्या दाव्यात तो माल आला असता. त्यांनी तो दाव्यात धरू दिला नाही.

वही पुन्हा मांडताना

आता मूळ गोष्ट. उधारीची वही गल्ल्याखालच्या खणात होती. लाल कापडी बांधणीची, लांबट. ती सापडली तेव्हा गाळाने पानं एकमेकांत घट्ट बसून तिची वीट झाली होती. काकूंनी ती पंख्याखाली दोन दिवस वाळवली आणि भाकरी परतायच्या उलथन्याने एकेक पान सोडवायचा प्रयत्न केला. मुलीने जेल पेनने लिहिलेली पानं साफ गेली होती, नुसता निळा डाग. अण्णा बॉलपेन दाबून लिहीत. त्यांच्या काही पानांवर शाई गेली तरी अक्षरांचे खळगे उरले होते. तिरप्या उजेडात धरली की थोडे आकडे वाचता येत. त्यातून फार थोडी खाती हाती लागली.

अण्णांनी सगळ्यात आधी काय केलं, तर कराडच्या व्यापाऱ्यांना फोन. लोकांकडून येणं किती ते पाहण्याआधी त्यांनी स्वतःचं देणं पाहिलं. "माझी वही गेली. तुमच्याकडे माझं खातं जे असेल ते मला कबूल. तेवढं लिहून पाठवा, मी सही करून देतो." व्यापाऱ्यांपैकी एकाने उलट विचारलं, गणपतीचा माल कधी पाठवू? कुंभार्ली घाटातून तो माल आला आणि दुकान ऑगस्टमध्ये अर्ध्या फळ्यांवर उघडलं. बँकेच्या हिशेबाने माल नाही म्हणजे उचल नाही. त्या महिन्यात दुकान चाललं ते त्या व्यापाऱ्याच्या उधारीवर. अण्णा स्वतः ऋणको, म्हणजे देणं लागणारा माणूस, म्हणून जसे वागले, तसंच त्यांच्या ऋणकोंनी त्यांच्याशी वागावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

येण्याचं काय करायचं? मी कायद्याची बाजू मांडली. वही असती तरी नुसत्या वहीवर कोर्टात कोणाला देणं लावता येत नाही. पुराव्याच्या कायद्यात कलम ३४ होतं (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ झालं आहे), त्याप्रमाणे नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद ग्राह्य असते, पण एकटी पुरेशी नसते. शिवाय उधार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत माल दिल्यापासून तीन वर्षांची. या दोन्हींवर एकच साधा उपाय: ऋणकोची लेखी कबुली. मुदत संपायच्या आत त्याने देणं मान्य करून सही दिली, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. मुदत उलटून गेलेलं देणंही सहीनिशी लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली पुन्हा जिवंत होतं.

अण्णांना ते पटेना. "इतकी वर्षं सही मागितली नाही. आता त्यांचीच घरं बुडालेली, आणि मी कागद पुढे करू?" त्यावर काकू जे बोलल्या ते या प्रकरणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: "तुम्ही सही मागितली नाहीत तर त्याला वाटेल, अण्णांनी सोडून दिलं. मग तो दुकानाची पायरी चढायची बंद होईल. सही घ्या, आणि घाई नाही म्हणून सांगा." मी इतकी वर्षं व्यापाऱ्यांची कामं करतोय, पण देणेकऱ्याच्या मनाचा इतका नेमका विचार मी कोणा वसुलीवाल्याकडून ऐकलेला नाही. मोघम माफीने माणूस मिंधा होतो आणि तोंड चुकवायला लागतो. आकडा लिहून, सही करून, "सवडीने द्या" म्हटलं की तो ताठ मानेने पुन्हा दुकानात येऊ शकतो.

नवी वही आणली. चार रकाने: नाव, बाकी, बाकी मान्य, सही किंवा अंगठा.

वरच्या वाड्यांमधली खाती सहज सुटली. त्या लोकांकडे स्वतःच्या छोट्या वह्या असतात, दुकानदाराने दर वेळी त्यातही लिहून द्यायचं. पूर खाली आला, वाड्या डोंगरात. त्या वह्या कोरड्या होत्या. एका म्हातारीची वही हळदीने पिवळी पडलेली, पण आकडा न् आकडा जागेवर. तिने वहीबाहेरचंही सांगितलं, मुलगा परस्पर नेऊन गेला होता त्याचं. काकू म्हणाल्या, "आजी, साखर तुम्ही रोखीने नेली होती, ती धरू नका." म्हातारी ऐकेना. "न्हाय बाय, रोख दिल्यालं मला आठवत न्हाय. तू लिव." शेवटी साखर निम्मी धरली गेली.

शहरातल्या खात्यांचं अवघड होतं. पेठमाप, गोवळकोट, बाजारपूल या बाजूची घरं स्वतःच बुडाली होती, कागद दोन्हीकडचा गेलेला. तिथे अण्णांनी एकच नियम केला: समोरचा जो आकडा सांगेल तो लिहायचा, त्यावर घासाघीस नाही. काकूंना काही ठिकाणी जास्त आठवत होतं. एका रिक्षावाल्याने सांगितलेली रक्कम त्यांच्या आठवणीपेक्षा बरीच कमी होती. त्या गप्प बसल्या. तो माणूस तो आकडा फेडून मोकळा झाला आणि आजही रोखीने माल नेतो. मग खोटं बोलला का? मला तसं म्हणवत नाही. त्याची आठवण चुकली असेल, काकूंचीही चुकली असेल. कागद नसला की दोन प्रामाणिक माणसांच्याही आकड्यांत फरक पडतो, आणि तो फरक इथे अण्णांनी सोसला.

काही जण आलेच नाहीत. त्यांत गरीब होते, आणि नियमित पगार घेणारेही होते. अण्णांनी कोणाच्या दारी निरोप पाठवला नाही. हे मला पटलेलं नाही, आणि मी त्यांना ते सांगितलं. ज्यांची ऐपत होती त्यांना एकदा तरी आठवण करून द्यायला हवी होती. तो पैसा एकट्या अण्णांचा नव्हता, त्यात काकूंच्या दुपारी होत्या, मुलीचं शिक्षण होतं. ते म्हणाले, "विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर माझ्याच मनात त्याच्याबद्दल कायमचं काहीतरी राहील. गाव लहान आहे." ती रक्कम आम्ही बुडीत खाती टाकली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ३६(१)(सात) प्रमाणे व्यापारी येणं बुडीत म्हणून लिहून टाकलं की वजावट मिळे, ते बुडालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नसे. तेवढाच दिलासा.

गणपतीत वसुली झाली. नेहमीइतकी नाही, तरी कराडची दोन्ही खाती त्यातून मिटली, आणि बँकेचं हप्ते पाडून घेतलेलं कर्ज पुढच्या दोन हंगामांत आटोक्यात आलं.

आजची व्यवस्था

मुलगा पुण्यालाच आहे. दुकान बंद करून सगळ्यांनी तिकडे यावं असं त्याचं म्हणणं होतं, ते त्याने सध्या मागे ठेवलं आहे. त्याने उधारी फोनवरच्या अॅपमध्ये घ्यायला लावली. नोंद झाली की गिऱ्हाईकाला संदेश जातो, आणि नोंदी दुकानाच्या बाहेर साठवलेल्या राहतात. वरच्या वाड्यांमध्ये सगळीकडे रेंज नाही, तिथल्यांसाठी छोटी वही चालूच आहे. चार रकान्यांची वहीही चालू आहे. दर वर्षी आगोटीची खरेदी संपली की जूनच्या मध्यात, आणि पुन्हा दिवाळीनंतर, काकू प्रत्येक खात्यावर बाकी मान्य करून घेतात. आता कोणाला त्याचं काही वाटत नाही. उलट आपला आकडा बरोबर लिहिलाय ना, हे पाहायला बायका स्वतःच वही ओढून घेतात.

विम्याची रक्कम बँकेच्या मर्यादेवरून न ठरवता मालावरून ठरते, आणि मे व ऑगस्टमध्ये तात्पुरती वाढवून घेतली जाते. त्याचा जादा हप्ता भरताना अण्णा दर वेळी कुरकुरतात. काकू चेकबुक पुढे करतात.